पाच ग्रॅमचा हिशेब

१९८४ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये मार्सेलस वॉर्ड नावाचा पोलीस मारला गेला. साध्या वेषात, गिऱ्हाईक बनून तो हेरॉइनच्या एका धंदेवाल्याकडे गेला होता. अंगावर छुपा मायक्रोफोन होता. त्यामुळे गोळीबार, आरडाओरडा, त्याचे अखेरचे श्वास, सगळं टेपवर उतरलं. त्या वेळी शहराचे मुख्य सरकारी वकील होते कर्ट श्मोक. खटल्याच्या तयारीत ती टेप त्यांना पुन्हा पुन्हा ऐकावी लागली.

अशी टेप ऐकलेला माणूस पुढे काय म्हणेल? 'सगळ्यांना आत टाका', असंच कुणालाही वाटेल. श्मोक नेमके उलट्या बाजूला गेले. १९८७ मध्ये ते बाल्टिमोरचे निवडून आलेले पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले आणि पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये देशभरातल्या महापौरांच्या सभेत उभं राहून त्यांनी सांगितलं, की नशेला गुन्हा ठरवण्याचं धोरण फसलंय. याकडे आरोग्याचा प्रश्न म्हणून बघायचं का, यावर निदान चर्चा तरी करू. ही लढाई असेलच, तर तिचं नेतृत्व देशाच्या सर्वोच्च डॉक्टरकडे हवं, सर्वोच्च वकिलाकडे नको, असं त्यांचं म्हणणं होतं. रेगन अजून गादीवर होते. राजकीय आत्महत्या म्हणतात ती हीच, असा बहुतेकांचा सूर होता. श्मोकांवर तुटून पडणाऱ्यांत आघाडीवर होते न्यूयॉर्कच्या हार्लेमचे खासदार चार्ल्स रँगेल. अमली पदार्थांवरच्या संसदीय समितीचे अध्यक्ष, आणि स्वतः कृष्णवर्णीय. या दोघांच्या भांडणाकडे मी पुन्हा येणार आहे, कारण त्यात रँगेल निव्वळ चूक होते असं मला आजही म्हणवत नाही.

मी याच शहरात फार्मसिस्ट आहे. पश्चिम बाल्टिमोरमधलं औषधाचं दुकान, गिऱ्हाइकं जवळजवळ सगळी कृष्णवर्णीय. मराठी मंडळाच्या गणपतीत कुणी विचारलं आणि मी वस्तीचं नाव सांगितलं, की समोरच्या वहिनींचा मोदक तोंडाशी जाता जाता थांबतो. "अगं बाई, तिथे? एकटी जातेस?" कोलंबिया आणि एलिकॉट सिटीतल्या आमच्या हिरवळीपासून ही वस्ती गाडीने अर्ध्या तासावर आहे. पण आमच्यातल्या बहुतेकांनी ती टीव्हीवरच पाहिलेली. मी दिवसभर तिथे काय करते, तर मुख्यतः रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या मोजते. गुडघे दुखणाऱ्या आज्यांशी विम्याच्या कंपन्यांबद्दल तक्रारी करते. नशेचा विषय निघतो तो या सगळ्याच्या मधूनच, कारण त्या घरांत तो इतर आजारांच्या शेजारीच राहतो.

मी जेव्हा कामाला लागले तेव्हाच्या एका दुकानात एक अलिखित नियम होता. इन्सुलिनच्या सुया कुणी मागितल्या की आधी माणसाकडे नीट बघायचं. 'मधुमेही दिसत नसेल' तर सुया संपल्यात म्हणायचं. मधुमेही दिसणं म्हणजे काय, हे कुणी कधी सांगितलं नाही. सांगायची गरजही पडत नव्हती.

आता ते पाच ग्रॅम. १७ जून १९८६ ला लेन बायस या बावीस वर्षांच्या बास्केटबॉलपटूची बॉस्टन सेल्टिक्सने निवड केली. पोरगा आमच्याच मेरीलँडचा, विद्यापीठ कॉलेज पार्कचं. पुढचं दशक त्याचं, असं सगळे म्हणत होते. १९ जूनला सकाळी तो वसतिगृहाच्या खोलीत कोसळला आणि गेला. कारण कोकेन. लोकांनी गृहीत धरलं की क्रॅक, म्हणजे ओढायचं खड्यांचं कोकेन, असणार, कारण त्या उन्हाळ्यात वर्तमानपत्रांत दुसरा शब्दच नव्हता. प्रत्यक्षात ती साधी पूड होती. पण प्रतिनिधिगृहाचे सभापती टिप ओनील बॉस्टनकडचे, वर्ष निवडणुकीचं, मतदार हवालदिल. ऑक्टोबर संपायच्या आत रेगन यांनी कायद्यावर सही केली सुद्धा. एवढ्या घाईत ना धड तज्ज्ञांना विचारलं गेलं, ना कुणी आकड्यांना हरकत घेतली. क्रॅकची पाच ग्रॅमची विक्री असेल तर किमान पाच वर्षं तुरुंग. पूड असेल तर त्याच पाच वर्षांसाठी पाचशे ग्रॅम. दोन वर्षांनी आणखी एक पाऊल पुढे: पाच ग्रॅमहून जास्त क्रॅक नुसतं जवळ सापडलं तरी पाच वर्षं.

पाच ग्रॅम म्हणजे चहात घालायची एक चमचा साखर. पाचशे ग्रॅम म्हणजे वाण्याकडून आणलेला अर्ध्या किलोचा पुडा.

माझा पेशा असा, की मला इथे रसायनशास्त्र आठवल्याशिवाय राहत नाही. कोकेन हायड्रोक्लोराइड म्हणजे पांढरी पूड. तीच पाण्यात खाण्याच्या सोड्याबरोबर तापवली की बेस मोकळा होतो, त्याचे खडे जमतात, ते ओढता येतात. रेणू तोच राहतो. फुप्फुसांवाटे तो मेंदूत झटकन पोचतो, म्हणून लहर जोरात येते आणि लगेच ओसरते. पुन्हा हवंसं वाटतं. हा फरक खरा आहे, तो झाकण्यात अर्थ नाही. पण तो शंभरपटींचा आहे असं सांगणारा औषधशास्त्रज्ञ मला अजून भेटायचाय.

खरा फरक किमतीचा होता. खडा पाच-दहा डॉलरला मिळायचा, म्हणून तो गरीब वस्तीत गेला. पूड महाग, ती बंद दारांआड राहिली. पोलीस उघड्या कोपऱ्यावर उभे राहतात, कुणाच्या दिवाणखान्यात शिरत नाहीत. क्रॅक ओढणाऱ्यांत संख्येने गोरे जास्त आहेत असं सरकारच्याच पाहण्या सांगत होत्या. तरी संघराज्याच्या न्यायालयांत क्रॅकसाठी शिक्षा झालेल्या दहांपैकी आठाहून जास्त लोक कृष्णवर्णीय होते. १९९५ मध्ये शिक्षांविषयीच्या सरकारी आयोगानेच सांगितलं, की हे दोन आकडे सारखे करा. संसदेने ते फेटाळलं, क्लिंटन यांनी त्यावर सही केली. २०१० मध्ये शंभरास एक हे प्रमाण अठरास एकवर आलं, म्हणजे पाचाचे अठ्ठावीस ग्रॅम झाले. अठराच का? त्याला काही शास्त्र नाही. दोन पक्षांच्या घासाघिशीत तो आकडा निघाला. आधीच आत असलेल्यांना त्याचा फायदा मिळायला २०१८ उजाडलं.

तुरुंगाबद्दल खूप लिहिलं जातं. मला इथे काउंटरमागून दिसतं ते तुरुंगानंतरचं.

माझ्याकडे एक गृहस्थ येतात, सत्तरीला टेकलेले. मनातल्या मनात मी त्यांना अण्णा म्हणते, तोंडावर 'सर'. ते मला 'डॉक' म्हणतात. उन्हाळा असो की बर्फ, डोक्यावर बाल्टिमोर ओरिओल्सची केशरी टोपी. १९८९ मध्ये त्यांच्या खिशात क्रॅक सापडलं. किती, ते सांगत नाहीत. "चमच्यापेक्षा जास्त, वाटीपेक्षा कमी," म्हणतात आणि स्वतःच हसतात. सुटून आले तेव्हा आई सरकारी घरकुलात राहत होती. मुलगा परत आला म्हणून तिने कोंबडी तळली, मका उकडला आणि जेवण झाल्यावर सांगितलं, बाळा, दर रविवारी जेवायला ये, पण रात्री इथे झोपू नकोस. कॅन्सरने ती जाईपर्यंत अण्णा एकदाही त्या घरात झोपले नाहीत. काही महिने चुलतभावाच्या गाडीत काढले. गाडी आईच्या खिडकीतून दिसेल अशीच लावायचे.

आई कठोर नव्हती. तिच्या भाडेकरारात तसं कलम होतं. घरातल्या कुणाचाही, अगदी पाहुण्याचाही अमली पदार्थांशी संबंध आढळला, तर सगळ्या घराने बाहेर व्हायचं. १९९६ मध्ये क्लिंटन यांनी हा नियम आणखी कडक केला. ओकलंडमध्ये पर्ली रकर नावाच्या ६३ वर्षांच्या बाई होत्या. त्यांची मुलगी घरापासून तीन चौक पलीकडे कोकेनसह पकडली गेली, आणि घर रिकामं करण्याची नोटीस आली ती आईला. त्याच खटल्यात हर्मन वॉकर नावाचे पंचाहत्तर वर्षांचे अपंग गृहस्थ होते. कोकेन सापडलं ते त्यांची देखभाल करायला येणाऱ्या बाईकडे. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००२ मध्ये निकाल लागला, आणि एकाही न्यायमूर्तीचं मत वेगळं पडलं नाही: भाडेकरूला काही माहीत नसलं तरी घर काढून घेता येईल.

बाकीचं भराभर सांगते. १९९६ च्याच कायद्याने नशेच्या गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांना सरकारी अन्नमदत जन्मभरासाठी बंद झाली. खुन्याला ती बंद नव्हती. पुढे पुष्कळ राज्यांनी यातून पळवाटा काढल्या. १९९८ मध्ये अशा विद्यार्थ्यांची शिक्षणासाठीची मदत गेली. नोकरीच्या अर्जात 'कधी शिक्षा झाली आहे का' हा चौकोन. कित्येक राज्यांत मताचा हक्कही गेला.

व्यसनातून माणूस कशाच्या जोरावर उठतो, हे कुठल्याही समुपदेशकाला विचारा. औषध तर हवंच. पण रात्री परतायला एक दार, सकाळी जायला काहीतरी काम आणि उशीर झाला तर फोन करणारं कुणीतरी, याशिवाय औषध टिकत नाही. कायद्याने एकेक करून नेमक्या याच गोष्टी काढून घेतल्या, आणि मग तेच सरकार विचारत राहिलं, की हे लोक सुधारत का नाहीत.

इस्पितळं तरी आपली होती का? साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्सटनमध्ये वैद्यकीय विद्यापीठाच्या इस्पितळात १९८९ पासून गरोदर बायकांची लघवी त्यांना न विचारता कोकेनसाठी तपासली जायची आणि निकाल पोलिसांकडे जायचा. काहींना बाळंतपणानंतर काही तासांत, इस्पितळाच्या कपड्यांतच बेड्या घालून नेलं. ज्या तीस बायकांना अटक झाली, त्यांतल्या एकोणतीस कृष्णवर्णीय होत्या. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं. पण अशी गोष्ट घराघरांत सांगितली जाते, आजीकडून नातीकडे जाते. माझ्या काउंटरवर एखादी पोटुशी मुलगी साधं रक्तदाबाचं यंत्र लावून घ्यायला कचरते, तेव्हा मला तिचं नवल वाटत नाही. काळजी वाटते, नवल नाही.

आणि आता रँगेल. आपल्याकडे, विशेषतः परदेशातल्या आपल्या मंडळींत, हा सगळा इतिहास गोऱ्यांनी काळ्यांवर केलेला अत्याचार असा एका वाक्यात गुंडाळतात. मुळात ते खोटं नाही, पण त्यात कृष्णवर्णीयांना स्वतःचं मत उरतच नाही. १९७३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये गव्हर्नर रॉकफेलरचे नशेविरुद्धचे जहाल कायदे आले तेव्हा हार्लेममधल्या काही धर्मगुरूंनी त्यांचं स्वागत केलं होतं. १९८६ च्या कायद्याला कृष्णवर्णीय खासदारांपैकी कित्येकांचा पाठिंबा होता. ज्या आजीच्या जिन्यात रात्रभर गिऱ्हाइकं उभी असतात, जिचा नातू शाळेतून येताना दोन टोळ्यांच्या मधे सापडतो, ती पोलीस मागणारच. तिने पोलीस मागितले, त्याचबरोबर चांगली शाळा, दवाखाना, पोरांना काम आणि व्यसनमुक्तीच्या खाटाही मागितल्या. तिला पोलीस तेवढे मिळाले. रँगेल यांनी हार्लेमची पहिली मागणी उचलून धरली, श्मोक यांनी उरलेल्या. दोघांनीही आपापल्या शहरांत प्रेतं पाहिली होती. या भांडणात माझं मत श्मोकांच्या बाजूने आहे, पण ते मी त्या जिन्यात कधी राहिले नाही म्हणून सोपं आहे, हेही कळतं.

श्मोक बारा वर्षं महापौर राहिले. त्यांना कायदा बदलता आला नाही. पण १९९४ मध्ये शहराच्या आरोग्य खात्याने सुया बदलून देणारी गाडी सुरू केली. जुनी द्या, नवी घ्या, जमलं तर एचआयव्हीची तपासणी करा. त्यांच्यानंतर आलेल्या राजवटीने दुसरं टोक गाठलं. साडेसहा लाखांहून कमी वस्तीच्या या शहरात २००५ या एका वर्षात एक लाखावर अटका झाल्या. ओट्यावर बसलेली पोरं उचलायची, रात्रभर ठेवायची, सकाळी आरोप न लावता सोडायची. पुढे काय झालं, ते एका फार्मसिस्टला सहजी विसरता येत नाही. एप्रिल २०१५ मध्ये फ्रेडी ग्रे हा तरुण पोलिसांच्या ताब्यात जखमी होऊन मेला, शहर पेटलं, औषधांची दुकानं लुटली गेली. त्या लुटीतल्या गोळ्यांच्या पिशव्या वेन जेंकिन्स नावाच्या पोलीस सार्जंटने जप्त करण्याऐवजी ओळखीच्या माणसाकडे विकायला नेऊन दिल्या. पिस्तुलं शोधून काढण्यासाठी नेमलेल्या खास पथकाचा तो म्होरक्या झाला. त्याला २०१८ मध्ये पंचवीस वर्षांची शिक्षा झाली. आमच्या काउंटरवरून गेलेली गोळी कुठे पोचली, याच्या नोंदी मी जिवाच्या आकांताने ठेवत असते. असो.

दुरुस्तीची गोष्ट मात्र बाल्टिमोरच्याही आधी न्यूयॉर्कच्या साउथ ब्रॉंक्समध्ये सुरू होते. तिथलं लिंकन इस्पितळ म्हणजे लोकांच्या भाषेत कत्तलखाना. जुलै १९७० मध्ये यंग लॉर्ड्स या पोर्तो रिकन तरुणांच्या संघटनेने ते काही तास ताब्यात घेतलं. नोव्हेंबरमध्ये यंग लॉर्ड्स, ब्लॅक पँथर्स, काही डॉक्टर आणि स्वतः हेरॉइन घेणारी माणसं पुन्हा आत शिरली आणि तिथेच व्यसनमुक्तीचं केंद्र थाटलं. ते 'लिंकन डीटॉक्स' म्हणून ओळखलं जातं. आपल्याकडे पँथर म्हटलं की नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार, वरळीची दंगल आठवते. १९७२ मध्ये मुंबईत ते नाव घेताना समोर ओकलंडचे ब्लॅक पँथर्स होते, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण ओकलंडकडून आपल्यापर्यंत पोचली ती मुख्यतः मूठ आणि घोषणा. शाळकरी पोरांना सकाळचा नाश्ता, मोफत दवाखाने, सिकल सेलची तपासणी, हा त्यांचा रोजचा उद्योग आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही.

लिंकनमध्ये मेथाडोन, म्हणजे हेरॉइनची तलफ भागवणारं औषध, थोड्या दिवसांत कमी करत न्यायचे. मेथाडोन म्हणजे हेरॉइनऐवजी सरकारने घातलेली दुसरी बेडी, असा तिथल्या बहुतेकांचा समज होता. मग हाँगकाँगच्या एका शल्यविशारदाचा अनुभव त्यांच्या वाचनात आला, की कानात ॲक्युपंक्चरच्या सुया टोचल्यावर अफूची तलफ कमी होते. ही मंडळी चायनाटाउनमध्ये गेली, सुया घेऊन आली, एकमेकांच्या कानांवर शिकली. शिकणाऱ्यांत मुतुलू शकूर होते, पुढे ते त्यात तरबेज झाले. (नंतर १९८१ च्या ज्या दरोड्यात दोन पोलीस आणि एक रखवालदार मारले गेले, त्यात त्यांना दीर्घ शिक्षा झाली. त्यांचं कौतुक करणारे ही बाजू गाळतात, त्यांना शिव्या घालणारे सुया गाळतात.) १९७८ मध्ये महापौर एड कॉक यांच्या काळात पोलीस पाठवून ते केंद्र उठवलं गेलं. पण दोन्ही कानांत पाच-पाच सुया टोचायची त्यांची पद्धत डॉ. मायकल स्मिथ यांनी पुढे नेली आणि ती जगभर गेली.

सुयांचं म्हणाल तर पुरावा लंगडा आहे. कोकेनच्या व्यसनावर कानातल्या सुयांची काळजीपूर्वक पाहणी झाली, तेव्हा खोट्या सुयांपेक्षा त्या फार काही करतात असं दिसलं नाही. मी औषधशास्त्र शिकलेली बाई आहे, मला हे सांगायलाच हवं. मेथाडोनचा पुरावा मात्र भक्कम आहे. तो घेणारे कमी मरतात. म्हणजे रसायनाच्या बाबतीत लिंकनची पोरं चुकली होती. तरीही माणसं तिथे रांगा लावून यायची, कारण त्या इमारतीत पहिल्यांदाच त्यांना कुणी गुन्हेगार म्हणून नोंदवून घेत नव्हतं. शेजारच्या खुर्चीवरचा, कानात सुया घेऊन बसलेला माणूस कालपर्यंत त्याच कोपऱ्यावर उभा असायचा. आज तो चहा आणून देत होता, आणि दोन आठवड्यांनी सुया टोचायला शिकत होता.

हेच बाल्टिमोरमध्ये वेगळ्या रूपात दिसतं. पार्क हाइट्स भागात इझ्रेल केसन यांनी नव्वदच्या दशकात 'आय कान्ट, वी कॅन' ही संस्था काढली; स्वतः वर्षानुवर्षं नशेत काढलेला माणूस. पुण्यात वाढलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. अमेरिकेत पाच ग्रॅमचा कायदा घाईने शिजत होता त्याच ऑगस्टमध्ये, १९८६ ला, अनिता आणि अनिल अवचटांनी मुक्तांगण सुरू केलं, आणि तिथेही पेशंट बरा झाला की कार्यकर्ता होतो. फरक एवढाच, की पुण्यात पु. ल. आणि सुनीताबाई मागे उभे होते. पार्क हाइट्समागे कोण उभं राहणार?

अलीकडे 'बीमोर पॉवर' नावाचा गट रस्त्यावर दिसतो. बहुतेक कृष्णवर्णीय, त्यातले काही अजून घेणारे, काही सोडलेले. २०१७ च्या सुमारास फेंटानिलने, म्हणजे हेरॉइनहून कितीतरी जहाल अशा कृत्रिम नशेने, शहर भरलं, तेव्हा यांनी 'गो स्लो' अशी मोहीम काढली. घेऊ नका म्हणून कुणी ऐकत नाही, हे त्यांना स्वतःवरून माहीत होतं. म्हणून सांगितलं: हळू घ्या, थोडं चाखून बघा, एकटे घेऊ नका, जवळ नारकॅन, म्हणजे ओव्हरडोस उतरवणारा नाकातला फवारा, ठेवा. आमच्या मंडळातल्या एका काकांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे गर्दुल्ल्यांना शिकवणी?" होय, काका, शिकवणी. मेलेल्या माणसाला व्यसनमुक्ती केंद्रात भरती करता येत नाही.

समाजाच्या नावावर चालणारं सगळं चांगलं, असं मात्र मी म्हणणार नाही. याच शहरात गेल्या काही वर्षांत फुकट राहायला खोली देतो म्हणून माणसं गोळा करायची, त्यांच्या नावावर सरकारी विम्याची बिलं लावायची आणि आत उपचार जेमतेम, असे धंदे उघडकीला आले. त्या घरांत माणसं मेली. वस्तीचा चेहरा पुढे करून वस्तीलाच लुटणं इथेही चालतं.

आणि मरणं थांबलेली नाहीत. २०२० या एका वर्षात पंचवीस राज्यं आणि वॉशिंग्टन डी.सी. इथल्या पाहणीत गोऱ्यांमधला ओव्हरडोसने मृत्यूचा दर २२ टक्क्यांनी वाढला, कृष्णवर्णीयांमधला ४४ टक्क्यांनी. बाल्टिमोरमध्ये तर मरणाऱ्यांत एक पिढी उठून दिसते: साधारण १९५१ ते १९७० मध्ये जन्मलेले कृष्णवर्णीय पुरुष. म्हणजे क्रॅकच्या लाटेत जे तरुण होते, ज्यांना १९८६ च्या कायद्याने उचललं, तेच आता म्हातारपणी फेंटानिलने मरताहेत. अण्णांची पिढी. जुलै २०२५ मध्ये पेन-नॉर्थ मेट्रो स्टेशनच्या आसपास एका सकाळी सत्तावीस जणांना इस्पितळात न्यावं लागलं. फुकट वाटलेल्या नमुन्यांत फेंटानिलसोबत गुंगीचं भलतंच रसायन होतं. एकही माणूस दगावला नाही. रुग्णवाहिका येईपर्यंत त्या कोपऱ्यावरच्या लोकांनी आपल्या खिशातलं नारकॅन काढून एकमेकांच्या नाकांत मारलं होतं.

नारकॅन २०२३ पासून डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळतं. दोन फवारे, सुरुवातीची किंमत पंचेचाळीस डॉलरच्या आसपास. आमच्या भागात पंचेचाळीस डॉलरला आठवड्याची भाजी येते, त्यामुळे लोक आरोग्य खात्याकडून फुकटचं घेतात. अण्णाही तेच घेतात आणि माझ्याकडे येऊन तारखा तपासून घेतात. मी चष्मा चढवून डब्याचा तळ वाचते, ते टोपी मागे सरकवून वाट बघतात. एकदा एका डब्याची मुदत संपून तीन महिने झाले होते. मी म्हटलं, "तसं चालेल, सर, नसण्यापेक्षा बरं." ते म्हणाले, "डॉक, तुझ्या आईला देशील का?" नवा डबा दिला.

स्वतः अण्णा वीस वर्षांहून जास्त काळ मेथाडोनवर आहेत. पूर्वी रोज पहाटे साडेपाचची बस, मग केंद्राबाहेर रांग, मग खिडकीसमोर नर्सच्या देखत ते लाल पाणी प्यायचं आणि तोंड उघडून दाखवायचं. अशा वेळापत्रकात कुठली नोकरी टिकेल? करोनात नियम सैल झाले, २०२४ मध्ये ते कायम झाले. आता उपचारांत महिनाभर झालेल्या, स्थिर पेशंटलाही चार आठवड्यांची औषधं घरी देता येतात. देता येतात, म्हणजे केंद्राची इच्छा असेल तर. अण्णांच्या केंद्राने आठवड्याची द्यायला सुरुवात केली आहे. मी राहते त्या उपनगरातल्या गोऱ्या पेशंटांना ही कटकट माहीतच नाही. २००२ मध्ये ब्युप्रेनॉर्फिन हे त्याच कामाचं दुसरं औषध आलं, ते साध्या डॉक्टरकडून चिठ्ठीवर मिळतं, आणि चांगला विमा असणाऱ्यांपर्यंत ते आधी पोचलं. आजही शहरातली रांग मेथाडोनची आणि उपनगरातली चिठ्ठी ब्युप्रेनॉर्फिनची, हे चित्र फारसं हललेलं नाही.

यातली सगळ्यात विचित्र गोष्ट माझ्याच पाठीमागच्या कुलूपबंद कपाटात आहे. तिथे मेथाडोनच्या गोळ्या असतात. कॅन्सरच्या किंवा पाठीच्या दुखण्यासाठी डॉक्टरने लिहून दिल्या, तर मी त्या मोजून, सही घेऊन देते. त्याच गोळ्या हेरॉइन सुटावं म्हणून द्यायच्या झाल्या तर मला कायद्याने मनाई आहे. त्या फक्त केंद्रातून.

हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा ते आधी हसले, मग त्यांनी कपाटाकडे बोट केलं. "हे त्या सभेत सांग." अफूजन्य वेदनाशामकं बनवणाऱ्या आणि पुरवणाऱ्या कंपन्यांकडून शहराला समझोत्यांत चाळीस कोटी डॉलरहून जास्त मिळालेत, आणि ते कुठे खर्च करायचे यावर नागरिकांना बोलायला बोलावतात. अण्णा जातात. खिशात घडी घातलेला कागद असतो. राहायला खोल्या हव्यात, ज्यांच्यावर शिक्षेचा डाग आहे त्यांना नोकऱ्या हव्यात, पैसा आमच्या माणसांच्या हातून खर्च व्हावा, असं त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं.

"बोलायला किती वेळ देतात?" मी विचारलं.

"तीन मिनिटं. पण माझ्या पुढचा पास्टर सात घेतो." ते कागद पुन्हा खिशात ठेवत म्हणाले, "तू पांढरा कोट घालून ये. आणि त्या कपाटाचा फोटो आण."